आवळलेली पट्टी आणि वाकडी बोटे

उन्हाळ्याची सुट्टी लागली की हाडांच्या डॉक्टरांकडे लहान मुलांची गर्दी वाढते. कोणी आंब्याच्या झाडावरून पडलेले असते, कोणी सायकलवरून, तर कोणी नुसते ओट्यावरून उडी मारताना. पडताना हात पुढे करणे हा माणसाचा स्वभावच आहे. तळहात जमिनीवर टेकतो, कोपर ताठ होते आणि सगळा भार कोपराच्या किंचित वर, दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाशी येतो. तिथे हे हाड मुळातच चपटे आणि पातळ असते. कोपर पूर्ण वाकवता यावे आणि पूर्ण सरळ करता यावे म्हणून निसर्गाने तिथे पुढून आणि मागून खळगे ठेवलेले आहेत. या दोन खळग्यांच्या मधला भाग काही जणांत कागदासारखा असतो. साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात हा भाग विशेष नाजूक असतो आणि नेमका तिथेच हाडाचा तुकडा पडतो. लहान मुलांच्या कोपराला होणाऱ्या अस्थिभंगांत हाच सर्वांत जास्त आढळतो.

लहान वयात हाड लवकर जुळते. तीन-चार आठवड्यांत प्लास्टर निघते आणि मूल पुन्हा झाडावर चढू लागते. मग यात इतिहास सांगण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. उत्तर हाडात नाही, हाडाच्या शेजारी आहे. कोपराच्या पुढच्या बाजूने हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते आणि तिच्या आसपासूनच हाताला चालना आणि संवेदना देणारे तीन मोठे मज्जातंतू जातात. मोडलेल्या हाडाचे टोकदार टोक पुढे येते ते थेट या शेजाऱ्यांच्या अंगावर. शिवाय काही तासांतच कोपर फुगते. अशा वेळी वरून घट्ट पट्टी बसली, तर मोडलेले हाड जुळते, पण पंजा मात्र कायमचा जातो. आज सांगायचा आहे तो या पंजाचा इतिहास.

घट्ट पट्टी वाईट, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. आपल्याकडच्या सुश्रुतसंहितेत अस्थिभंगाच्या उपचारावर एक स्वतंत्र अध्याय आहे. मोड बसवल्यावर आधारासाठी कोणत्या झाडांच्या साली वापराव्यात, याची यादीच तिथे दिली आहे. मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड ही सारी आपल्या ओळखीची झाडे तीत आहेत, आणि बांबूही आहे. पण त्याहून महत्त्वाचे आहे ते बांधण्याविषयीचे सांगणे. पट्टी सैल बांधली तर सांधा स्थिर राहत नाही, घट्ट बांधली तर सूज येते, वेदना होतात आणि भाग पिकतो, म्हणून जाणकार मध्यम बांधणीच योग्य मानतात, असा त्याचा आशय आहे. एवढेच नव्हे, तर पट्टी कधी सोडून पुन्हा बांधावी, हेही ऋतूप्रमाणे सांगितले आहे. थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी. म्हणजे बांधून विसरून जाणे हे त्या शास्त्राला मान्यच नव्हते. बांधणाऱ्याने पुन्हा पुन्हा उघडून पाहावे, अशी अपेक्षा होती.

यात एक गोष्ट मात्र नव्हती. घट्ट पट्टीने सूज येते, दुखते, हे ठाऊक होते. पण त्याच पट्टीखाली हाताचे स्नायू मरून जातात आणि बोटे कायमची आत वळतात, याचे कारण सांगणारे कोणी नव्हते. ते कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. आणि ते उजाडले तेही एका नव्या, अधिक कडक पट्टीबरोबर.

ही नवी पट्टी म्हणजे प्लास्टर. अंतोनियस माथायसेन या डच लष्करी शल्यवैद्याने 1851 मध्ये सुती पट्टीवर जिप्समची कोरडी भुकटी चोळून, ती ऐन वेळी भिजवून गुंडाळण्याची युक्ती शोधली आणि पुढच्याच वर्षी ती प्रसिद्ध केली. त्यापूर्वी मोडलेला अवयव फळ्या, पुठ्ठे, खळ लावलेली कापडे यांत बांधत. खळ वाळायला वेळ लागे. प्लास्टर काही मिनिटांत घट्ट होई. रणांगणासाठी तर ते वरदानच ठरले. क्रिमियाच्या युद्धात रशियाच्या पिरोगोव या प्रसिद्ध शल्यवैद्याने ते जखमी सैनिकांवर मोठ्या प्रमाणात वापरले. युरोपभर ते पसरले आणि अस्थिभंगाच्या उपचारात मोठी क्रांती झाली. पण वरदानाला एक अट होती. कापडाची पट्टी थोडीफार ताणते. प्लास्टर ताणत नाही. आत हात सुजत गेला, तर त्या सुजेला बाहेर जायला जागाच उरत नाही.

आता या कथेत रिशार्ड फॉन फोल्कमान येतात. 1830 मध्ये लाइपझिग येथे जन्मलेले हे जर्मन शल्यवैद्य हाल्ले या गावच्या विद्यापीठात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक होते. जंतुनाशकाची लिस्टरची पद्धत जर्मनीत ज्यांनी आधी स्वीकारली, त्यांत त्यांचे नाव पुढे आहे. माणूस मोठा रसिक. 1870-71 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ते लष्कराबरोबर फ्रान्समध्ये होते. दिवसा जखमींवर शस्त्रक्रिया करायच्या आणि उरलेल्या वेळात घरच्यांसाठी परीकथा लिहायच्या, असा त्यांचा क्रम होता. या कथा 1871 मध्ये ‘रिशार्ड लेआंडर’ या टोपणनावाने पुस्तकरूपात आल्या आणि जर्मन घराघरांत वाचल्या गेल्या. लहान मुलांना गोष्टी सांगणाऱ्या या लेखकाचे नाव वैद्यकात मात्र मुलांच्या हाताच्या एका दुर्दैवी विकृतीला चिकटले.

1881 मध्ये फोल्कमान यांनी शल्यचिकित्सेच्या एका जर्मन नियतकालिकात एक छोटासा लेख लिहिला. विषय होता, घट्ट बांधलेल्या पट्ट्यांनंतर येणारे लुळेपण आणि आखडलेपण. असे रुग्ण त्यांच्या पाहण्यात अनेक वर्षे येत होते. हात मोडलेला, वैद्याने बांधलेला, हाड जुळलेले. पण पट्टी काढल्यावर मनगट आत वाकलेले आणि बोटे पक्ष्याच्या नखीसारखी वळलेली. दंडापासून कोपरापर्यंतचा भाग ठीक, पुढचा हात मात्र वाळलेल्या काठीसारखा. त्या काळचा समज असा होता, की पट्टीचा दाब मज्जातंतूंवर पडतो आणि त्यामुळे हात लुळा पडतो.

फोल्कमान यांनी एक साधी पण बारकाईची गोष्ट पाहिली. मज्जातंतू निकामी झाला, तर हात आधी लुळा पडतो, लोंबकळतो आणि आखडणे आले तर फार उशिरा येते. इथे तर लुळेपण आणि आखडणे जवळजवळ एकदमच येत होते. म्हणजे दोष मज्जातंतूत नसून स्नायूतच असला पाहिजे. स्नायूला रक्त मिळाले नाही, प्राणवायू मिळाला नाही, म्हणून तो मेला आणि ताठरला. मृत्यूनंतर प्रेत जसे ताठ होते, तसाच हा प्रकार जिवंत माणसाच्या एका अवयवात घडतो, असे त्यांनी मांडले. फरक इतकाच, की हा ताठरपणा पुढे सुटत नाही. मेलेल्या स्नायूच्या जागी तंतुमय व्रण तयार होतो आणि व्रणाचा धर्म आकसण्याचा. तो बोटांच्या दोऱ्या आत ओढत राहतो. पुढे 1906 मध्ये हिल्डेब्रांट यांनी या विकृतीला फोल्कमान यांचे नाव दिले आणि आजही जगभरचे विद्यार्थी ती याच नावाने शिकतात.

या विकृतीची एक खूण डॉक्टर आजही पाहतात. मनगट सरळ धरले, तर बोटे उघडत नाहीत. मनगट आत वाकवले, तर बोटे थोडी उघडतात. दोरी लांडी झालेली आहे. एका टोकाला ढील दिली, तरच दुसऱ्या टोकाला थोडी लांबी मिळते. त्या मुलाला पेला धरता येतो, पण सोडण्यासाठी मनगट वाकवावे लागते. सदऱ्याची बटणे, पाटीवरची अक्षरे, ताटातला घास, सगळ्यांचाच झगडा होतो.

फोल्कमान यांचे म्हणणे बरोबर होते, पण पुरे नव्हते. त्यांनी सारा दोष बाहेरच्या पट्टीला दिला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी जमवलेल्या रुग्णांच्या नोंदींत असेही हात सापडू लागले, ज्यांवर पट्टी किंवा फळी मुळीच बांधलेली नव्हती. मग रक्त अडवले कोणी? शिकागोचे शल्यवैद्य जॉन मर्फी यांनी 1914 मध्ये बोट दाखवले ते हाताच्या आतल्याच एका पट्टीकडे. आपल्या पुढच्या हातातले स्नायू मोकळे नसतात. त्यांच्या गटांभोवती एक चिवट आवरण असते, जणू जन्मापासून घातलेला घट्ट पायमोजा. हे आवरण ताणत नाही. मोडलेल्या हाडाजवळ रक्त साचले, स्नायू सुजले, की या बंद कप्प्यातला दाब वाढतो. दाब वाढला की रक्त बाहेर नेणाऱ्या नाजूक वाहिन्या आधी मिटतात. रक्त आत येते पण बाहेर जात नाही, म्हणून सूज आणखी वाढते आणि दाबही. हे दुष्टचक्र सुरू झाले की शेवटी स्नायूंना रक्त मिळेनासे होते. बाहेरची पट्टी नसली, तरी आतली पट्टी असतेच. बाहेरच्या पट्टीने तिला साथ दिली, तर काम लवकर होते इतकेच.

1926 मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर येथे पॉल जेप्सन यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून हे पडताळले. पायातून रक्त बाहेर जाण्याची वाट अडवली, तर तशीच विकृती निर्माण होते आणि वेळीच आवरण उघडून दाब मोकळा केला, तर ती टळते, असे त्यांना दिसले. त्यातला ‘वेळीच’ हा शब्द फार महत्त्वाचा. रक्ताविना स्नायू साधारण चार तास तग धरतो. सहा ते आठ तासांनंतर झालेली हानी बहुधा भरून येत नाही. संध्याकाळी पडलेल्या मुलाचा हात सकाळी दाखवू म्हटले, तर मधल्या रात्रीत सगळे होऊन गेलेले असते.

इथे एक मोठा गैरसमजही दूर झाला. मनगटाची नाडी लागते आहे, म्हणजे हात सुरक्षित, असे पूर्वी धरले जाई. पण मोठ्या रक्तवाहिनीतला दाब बराच जास्त असतो आणि स्नायूतल्या केसाएवढ्या वाहिन्यांतला फारच कमी. कप्प्यातला दाब पाऱ्याच्या तीसेक मिलिमीटरपर्यंत चढला, तरी या केशवाहिन्या मिटू लागतात. त्या वेळी मोठी वाहिनी खुशाल धडधडत असते. नाडी लागते, बोटाची नखे गुलाबी दिसतात आणि आत स्नायू गुदमरत असतो. 1975 मध्ये अमेरिकेतले व्हाइटसाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुई, नळी, मिठाचे पाणी आणि रक्तदाब मोजण्याचा पारा, अशा कोणत्याही रुग्णालयात मिळणाऱ्या सामानातून हा आतला दाब मोजायची पद्धत दिली. त्यामुळे आवरण उघडायचे की नाही, हा निर्णय केवळ अंदाजावर राहिला नाही.

एकदा विकृती झाली, की मग काय करता येते? माणसाने खटपट पुष्कळ केली. 1923 मध्ये इंग्लंडच्या मॅक्स पेज यांनी आखडलेले स्नायू त्यांच्या उगमापासून सोडवून खाली सरकवण्याची शस्त्रक्रिया सांगितली. 1956 मध्ये हर्बर्ट सेडन यांनी दाखवले, की मेलेला भाग पुढच्या हाताच्या मधोमध, खोलवर, लंबगोल गोळ्यासारखा असतो. तो काढून टाकावा, असे त्यांनी सुचवले. पुढे स्नायूबंध बदलून लावणे, शरीरातला दुसरा स्नायू आणून रक्तवाहिन्यांसकट जोडणे इथपर्यंत मजल गेली. या सगळ्यांनी हात सुधारतो, उपयोगाला येतो. पण मूळचा हात कोणी परत देऊ शकलेले नाही.

म्हणून वैद्यकाने आपला मोहरा विकृती टाळण्याकडे वळवला. कोपराच्या वरचे हे हाड बसल्या जागी टिकावे म्हणून पूर्वी कोपर खूप वाकवून त्यावर प्लास्टर घालीत. हाड जागेवर राही, पण सुजलेले कोपर असे दुमडले, की रक्तवाहिनीही दुमडे. म्हणजे उपचारच धोका वाढवत असे. 1959 मध्ये फिलाडेल्फियाच्या जॉन गार्टलँड यांनी या अस्थिभंगाचे तीन प्रकार पाडले. हाड सरकलेलेच नाही, थोडे सरकले आहे, पूर्ण सुटले आहे. ही सोपी विभागणी आजही चालते. दरम्यान जर्मनीच्या मार्टिन किर्श्नर यांनी 1909 मध्ये आणलेली बारीक पोलादी तार इथे कामी आली. हाड बसवून कातडीतूनच दोन-तीन तारा आरपार घातल्या, की ते हलत नाही. मग कोपर जास्त वाकवण्याची गरज उरत नाही आणि आवळून बांधण्याचीही नाही. ही पद्धत 1948 पासून लिहिली गेली आणि 1970 च्या दशकात रुळली. पडद्यावर हलते क्ष-किरण चित्र दाखवणारे यंत्र शस्त्रक्रियागृहात आल्यावर ती सर्वदूर पसरली. जिथे मूल वेळेत अशा उपचाराला पोचते, तिथे फोल्कमान यांची विकृती आता क्वचित दिसते.

पण ‘जिथे’ आणि ‘वेळेत’ हे दोन शब्द आपल्याकडे अजून जड आहेत. आपल्या गावागावांत हाडवैद्य आहेत. त्यांची नुसती हेटाळणी करून भागणार नाही. पिढ्यान् पिढ्या त्यांनी लोकांची हाडे बसवली. ते जवळ असतात, परवडतात, ओळखीचे असतात आणि शस्त्रक्रियेची भीती घालत नाहीत. साधा मोड त्यांच्या हातून बराही होतो, कारण मुलाचे हाड मुळात जुळायलाच बसलेले असते. पण कोपराचा मोड हा साधा मोड नव्हे. इथे चोळून, लेप लावून, बांबूच्या कामट्या घट्ट आवळल्या आणि आठवडाभराने यायला सांगितले, तर त्या आठवड्यातली पहिली रात्रच घात करते. कोपर चोळण्याने तर दुहेरी नुकसान होते. सूज वाढते आणि पुढे सांध्याभोवतीच्या स्नायूंत नको तिथे हाड तयार होऊन कोपर वाकेनासे होते. सुश्रुताच्या नावाने बांधणाऱ्याने सुश्रुताचेच सांगणे विसरावे, ही दुःखाची गोष्ट आहे. आणि न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की रुग्णालयात घातलेले प्लास्टरही निर्दोष नसते. सुजलेल्या हातावर पूर्ण बंद प्लास्टर घालून घरी पाठवले आणि लक्षणे सांगितली नाहीत, तर परिणाम तोच. कामटी गावठी आहे की प्लास्टर शहरी, याचा स्नायूला काही फरक पडत नाही.

या इतिहासातून घरच्या माणसांनी काय घ्यायचे? हात मोडल्यावर दुखते, पण नीट आधार दिल्यावर ते हळूहळू कमी व्हायला हवे. बांधल्यानंतर दुखणे वाढतच चालले, औषधाने थांबेना, मूल रडून बेजार झाले, तर ‘हाड मोडले आहे, दुखणारच’ असे म्हणून झोपवू नये. दुसरी खूण आणखी पक्की. मुलाची मिटलेली बोटे आपण हलकेच सरळ करून पाहावीत. त्या वेळी पुढच्या हातात असह्य कळ आली, तर तो धोक्याचा इशारा आहे. बोटे बधिर होणे, हलवता न येणे, फिकट किंवा निळसर पडणे, गार लागणे, या पुढच्या खुणा. त्यांची वाट पाहू नये. पंजा नुसता गळ्यात अडकवून झाकून ठेवू नये. बोटे दिसतील, मोजता येतील, अशी ठेवावीत.

अशा वेळी पट्टी सोडावी. वरची दोन वेटोळी सैल करून उपयोग नाही. आतल्या कापसापर्यंत, कातडी दिसेपर्यंत सगळे मोकळे करावे. कामट्या असतील, तर त्या काढाव्यात. कोपर फार वाकवलेले असेल, तर थोडे सैल करावे आणि हात छातीच्या पातळीला ठेवून तडक रुग्णालय गाठावे. घरी सोडता न येणारे प्लास्टर असेल, तर ते कापून घेण्यासाठी रात्रीच निघावे. बसवलेले हाड सरकेल, ही भीती अनेकांना असते. सरकू द्यावे. सरकलेले हाड उद्या पुन्हा बसवता येते. मेलेला स्नायू परत येत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)